डोंगर कुणाचा?

श्रोतेहो, नमस्कार. सुंदर डोंगर दिसला की आपण आधी पाट्या, कुंपणं, रंगवलेल्या भिंती फ्रेमबाहेर काढतो आणि नुसता डोंगर टिपतो. मला त्या बाहेर काढलेल्या गोष्टींबद्दलच बोलायचं आहे. डोंगर कुणाचा, याचं उत्तर बरेचदा तिथेच मिळतं.

आर्मेनियाच्या राजचिन्हाच्या मधोमध अरारात पर्वत आहे. हा 5,137 मीटर उंचीचा पर्वत प्रत्यक्षात सीमेपलीकडे, तुर्कस्तानात उभा आहे. हवा स्वच्छ असली की तो येरेवान शहरातून ठसठशीत दिसतो, पण ही सीमा 1993 मध्ये बंद झाली. अराराताची शिखरं दोन, एक थोरलं, एक धाकटं. येरेवानमधून पाहिलं तर धाकटं डावीकडे दिसतं, तुर्कस्तानातल्या दोउबायाझित गावातून पाहिलं तर उजवीकडे. म्हणजे भिंतीवरचं किंवा लेबलवरचं चित्र नुसतं निरखलं, तरी चित्रकार डोंगराच्या कोणत्या बाजूचा, ते कळतं! म्हणून अशा चित्राचा फोटो काढताना दोन्ही शिखरं पूर्ण येऊ द्या.

खरा डोंगर आणि त्याचं चित्र एकाच फ्रेममध्ये हवं असेल, तर वाइड लेन्स नको. तिच्यात डोंगर पार बारका होतो. भिंतीपासून चांगलं लांब जा, टेलिफोटो, म्हणजे लांबचं जवळ आणणारी लेन्स लावा, ॲपर्चर, म्हणजे लेन्समधलं प्रकाशाचं छिद्र बारीक ठेवा, म्हणजे भिंत आणि डोंगर दोन्ही स्पष्ट येतात. डोंगर भिंतीच्या मागे भरभक्कम उभा राहतो.

रिकाम्या निसर्गचित्रांची मला धास्ती वाटते. कार्लटन वॉटकिन्सने 1861 मध्ये अमेरिकेतल्या योसेमिटी दरीची अप्रतिम छायाचित्रं काढली. 1864 मध्ये त्या दरीला सरकारी संरक्षण मिळालं, त्यात या छायाचित्रांचाही वाटा मानतात. पण त्यांतल्या बहुतेकांत माणूस नाही. आणि 1851 मध्ये एक सशस्त्र तुकडी याच दरीत शिरली होती, तिथल्या मूळ रहिवासी ‘अहवाहनीची’ लोकांना हुसकावायला.

ऑस्ट्रेलियातल्या उलुरूची मालकी 1985 मध्ये तिथल्या मूळ रहिवासी अनांगू लोकांना परत मिळाली. त्या खडकाच्या काही पवित्र भागांचे फोटो काढू नका, असं ते सांगतात. तिथे कॅमेरा खाली ठेवायचा, हुज्जत घालायची नाही.

फोटोखाली केवळ डोंगराचं नाव लिहून थांबू नका. चित्र कुणी काढलं, पैसे कुणी दिले, ते कोणत्या दिशेने काढलंय, एवढं विचारून घ्या आणि तेही लिहा.