नान्नजच्या माळावर एक चौकट

[पहाट. वाऱ्यावर हलणारं गवत. लांबून टिटवीचा आवाज.]

सोलापूरहून बार्शीच्या रस्त्याला लागलं की वीस-बावीस किलोमीटरवर नान्नज लागतं. ज्वारी, तूर, द्राक्षाच्या बागा, आणि मग एकाएकी शेती थांबते. पुढे नुसता माळ. ऑक्टोबरचे दिवस आहेत, गवत बियांवर आलंय.

सरकारी कागदावर अशा जमिनीला आपण 'पडीक' म्हणतो. मला हा शब्द लागतो. इथे माती कुठे वीतभर, कुठे तेवढीही नाही. खाली मुरूम, त्याखाली काळा कातळ. सह्याद्री ओलांडून येणारा पाऊस वर्षाला 600-700 मिलिमीटरच्या घरात. एवढ्यावर गवत तगतं, आणि गवतावर बाकी सगळे: काळवीट, लांडगा, खोकड, चंडोल, धाविक.

इथे पूर्वी दाट जंगल असणार, ते तुटलं म्हणून माळ झाला, असं पुष्कळांना वाटतं. दिग्विजय पाटील आणि आशिष नेर्लेकर या संशोधकांनी त्याचा माग जुन्या मराठीत काढला. तेराव्या शतकापासूनच्या ओव्या, कथा, चरित्रं चाळून त्यांनी झाडाझुडपांचे उल्लेख टिपले. त्यात बाभळी, खैर असा काटेरी, मोकळा मुलूखच जास्त भेटला. जात्यावर दळता दळता म्हटलेल्या ओळी आज परिसंस्थेचा पुरावा म्हणून उभ्या राहतात, याचं मला फार अप्रूप वाटतं.

[माळढोकचं जुनं छायाचित्र]

हा माळढोक. नावातच माळ आहे. उभा राहिला की मीटरभर उंच. मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडं घालते. 1979 साली सोलापूर आणि नगर जिल्ह्यांत त्याच्यासाठी अभयारण्य जाहीर झालं, तब्बल 8,496 चौरस किलोमीटरचं. त्यात गावं आली, शेतं आली, लोकांचे व्यवहार अडकले, नाराजी वाढली. पुढे ते क्षेत्र सुमारे 1,200 चौरस किलोमीटरवर आणलं गेलं. ऐंशीच्या दशकात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे असद रहमानी यांनी इथे माळढोकचा अभ्यास केला. हा पक्षी गवतात नाकतोडे, भुंगेरे टिपतो आणि शेतात शिरून भुईमूग, ज्वारीही खातो. म्हणजे त्याला माळ हवा आणि माळाला लागून कोरडवाहू शेतीही हवी. शेत बागायती झालं, वर विजेच्या तारा आल्या. या पक्ष्याला नाकासमोरचं नीट दिसत नाही, त्यामुळे तारांवर आदळून तो मरतो. आज देशात दीडशेच्या आसपास माळढोक उरलेत आणि त्यातले बहुतेक राजस्थानात. नान्नजला तो दिसणं आता नशिबाची गोष्ट.

पण माळ आहे. आणि माळ सुधारायचा म्हणून आपण राज्यभर काय केलं? चर खणले, गिरिपुष्प लावलं, सुबाभूळ लावली. झाडं वाढली तशी त्यांच्यावर कावळे, शिकारी पक्षी बसू लागले. जमिनीवर अंडी घालणाऱ्या टिटवीच्या घरट्यावर वरून पहारा बसला. सावलीत गवत विरळ झालं. हेतू चांगला होता, यात मला शंका नाही. माळावर काय परिणाम होतो, ते मोजून पाहिलं नव्हतं.

म्हणून माळाची दुरुस्ती उपटण्यापासून सुरू होते. परकी झाडं काढायची. रानतुळस आणि तरोटा बी धरण्याआधी मुळासकट ओढायचे; आठवडाभर उशीर झाला तर वर्ष वाया. मग जवळच्याच चांगल्या माळावरून पवन्या, मारवेल या गवतांचं बी गोळा करून पहिल्या पावसाच्या तोंडावर पेरायचं. चराईवर कायमची बंदी घालूनही भागत नाही. कुणी चरलंच नाही तर जुनं गवत माजतं आणि खालचा कोंब दबतो. कुठे, किती, कधी चारायचं हे धनगरांशी बोलूनच ठरवावं लागतं.

[हाताचं जवळून दृश्य. तळव्यावर कुसळीचं बी.]

ही कुसळी. म्हणीतलं डोळ्यातलं कुसळ ते हेच. टोकाला सुईसारखं बी, मागे पिळाची लांब शेपटी. वर पाण्याचा एक थेंब टाका आणि थांबा. पीळ उलगडतोय, बी तळव्यावर गिरमिटासारखं फिरतंय. पाऊस पडला की ते असंच स्वतःला मुरमात रोवून घेतं. खड्डा खणावा लागत नाही.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात वन्यजीव सप्ताह असतो. शाळांनी मुलांना माळावर आणायला याहून चांगले दिवस नाहीत. घोषणा नकोत. चार काठ्या आणि सुतळी आणा, एक मीटर बाय एक मीटरची चौकट करा आणि गवतावर ठेवा. आत गुडघ्यांवर बसा. गवताच्या जाती किती? उघडी जमीन किती? मुंग्यांची वारुळं, लेंड्या, पिसं? नाव माहीत नसेल तर चित्र काढा. संशोधकही हेच करतात, वर्षानुवर्षं, त्याच जागी.

चौकट उचलण्याआधी चारही कोपऱ्यांना खुंट्या ठोका. वहीत तारीख लिहा, किती तुरे मोजले ते लिहा. पुढच्या ऑक्टोबरात पाचवीची मुलं सहावीत गेलेली असतील. त्यांनी इथेच, या चार खुंट्यांमध्ये, पुन्हा मोजायचंय.