अर्खिप्पाला सांगा

हे जे आत्ता स्क्रीनवर दिसतंय ना, वाफ आणि मागे तो पिवळा बल्ब, हे इंदूरच्या एका चर्चच्या मागच्या खोलीतलं सिंक आहे. शनिवार, संध्याकाळचे सव्वासहा. बाहेर छावणीकडे जाणाऱ्या ट्रॅफिकचा नुसता कल्ला, तो आवाज एडिटमध्ये काढता आला नाही आणि खरं सांगू का, काढावासाही वाटला नाही.

काकू प्रभुभोजनाचे, म्हणजे चर्चमधल्या भाकरी-द्राक्षरसाच्या विधीचे, पेले धुताहेत. बोटाच्या दोन पेरांएवढे काचेचे पेले, मोजून बहात्तर. आधी गरम पाण्यात भिजवायचे, कारण मागच्या वेळचा द्राक्षरस कितीही धुतला तरी तळाशी चिकटून राहतो, मग बोटाला जुन्या धोतराचं फडकं गुंडाळून आतून फिरवायचं, मग उजेडासमोर धरायचा, आणि शेवटी नखाने एक टिचकी. टण्ण वाजला तर चांगला, बद्द वाजला तर समजायचं तडा गेलाय, डोळ्याला दिसो न दिसो. महिन्यातून एकदाच लागतात हे, पण आदल्या दिवशी धुवायचे आणि वापरून झाले की परत धुवायचे. मी म्हटलं, काकू मागच्या वेळी वापरून झाल्यावर तर धुवून ठेवलेत ना तुम्ही, मग आज परत का? तर म्हणाल्या, "अगं मधे महिनाभर कपाटात होते ना, झुरळांना काय माहिती प्रभूचे आहेत म्हणून!"

काकू रिटायर्ड नर्स. माहेर नगरचं, आता त्याचं अहिल्यानगर झालंय आणि काकू राहतात अहिल्याबाईंच्याच इंदुरात, याचं त्यांना भारी कौतुक. हे पेल्यांचं काम त्यांच्याकडे कसं आलं, तर आधी एक आजी करायच्या, त्यांचे हात थरथरायला लागले तेव्हा त्यांनी काकूंना बोलावून किल्ली दिली, म्हणाल्या तू नर्स आहेस, तुला स्वच्छता कळते. बस, हीच अपॉइंटमेंट. ना कमिटीत ठराव, ना बुलेटिनमध्ये नाव.

आता मला मधेच बायबलमधल्या एका माणसाबद्दल बोलायचंय, ज्याच्याबद्दल मी आजवर एकही प्रवचन ऐकलेलं नाही. अर्खिप्प. पौलाने, म्हणजे ख्रिस्ताच्या त्या प्रेषिताने, कलस्सैकरांना, म्हणजे कलस्सै गावातल्या ख्रिस्ती लोकांना, पत्र लिहिलं ते कैदेत असताना. शेवटी नेहमीसारखे सलाम, अमका सलाम सांगतो तमका सलाम सांगतो, आणि मग एकदम एक वाक्य येतं, की अर्खिप्पाला सांगा, प्रभूमध्ये जी सेवा तुला मिळाली आहे ती पूर्ण करण्याकडे लक्ष दे. त्यानंतर माझ्या बेड्यांची आठवण ठेवा असं म्हणून पत्र संपतं. आता गंमत बघा, हे पत्र सगळ्या मंडळीत, म्हणजे चर्चच्या लोकांसमोर, मोठ्याने वाचायचं होतं, तसं आदल्याच वचनात लिहिलंय, वर लावदिकीयाच्या मंडळीतही वाचा म्हणून सांगितलंय. म्हणजे अर्खिप्प तिथे बसला असेल तर सगळ्यांच्या माना त्याच्याकडे वळल्या असणार. आणि तो काही कामचुकार नव्हता हं, फिलेमोनाच्या पत्रात पौल त्याला सहसैनिक म्हणतो.

त्याचं काम काय होतं हे मात्र कुठेच लिहिलेलं नाही. मोठं होतं की छोटं, काहीच नाही. फक्त एवढंच, की ते त्याला मिळालं होतं आणि ते अजून व्हायचं होतं.

आमच्याकडे सेवा म्हटलं की सगळ्यांची नजर स्टेजकडे जाते. माइक, कीबोर्ड, गिटार, आपल्या विश्वासाची साक्ष द्यायला कोण उभं राहणार वगैरे. मीही त्यातलीच. दोन वर्षांपूर्वी पाळकसाहेबांनी, म्हणजे आमच्या पास्टरांनी, मला एक काम दिलं होतं. आमची उपासना आता हिंदीत होते, पण जुन्या काही मराठी माणसांना नारायण वामन टिळकांची भजनं अजून तोंडपाठ आहेत, जुन्या चालींसकट. पुस्तकात शब्द सापडतात गं, चाल कुठे सापडणार? तर ती रेकॉर्ड करून ठेव म्हणाले. मी हो म्हटलं. मग माइक चांगला हवा म्हणून थांबले, मग नोकरी बदलली, मग पाऊस. त्यात एक मावशी होत्या, त्यांना कुणालाच माहीत नसलेल्या चाली यायच्या, भेटल्या की विचारायच्या, "कधी येतेस गं?" मी म्हणायचे पुढच्या आठवड्यात. गेल्या डिसेंबरात त्या गेल्या. अंत्यविधीला आम्ही त्यांचं आवडतं भजन हिंदी गाण्याच्या चालीवर म्हटलं, कारण त्यांची चाल कुणाला येतच नव्हती.

तेव्हापासून हे अर्खिप्पाचं वाक्य डोक्यातून जात नाही.

या शहरात अशा कामांचा इतिहास आहे. कॅनडाचं प्रेस्बिटेरियन मिशन 1877 मध्ये इंदुरात आलं, 1887 मध्ये क्रिश्चन कॉलेज सुरू झालं, ते सगळ्यांना माहितीये, निदान किशोर कुमार तिथे शिकले म्हणून तरी. पण 1884 मध्ये डॉक्टर एलिझाबेथ बीटी नावाची बाई इथे आली हे किती जणांना माहितीये? त्याच वर्षी कॅनडातल्या किंग्स्टनमधून डॉक्टर झालेली. बायकांना तपासायला बाईच हवी असा तो काळ, मग दवाखाना सुरू केला, काही वर्षांनी मॅरियन ऑलिव्हर जोडीला आल्या, आणि पुढे तब्येतीमुळे बीटींना परत जावं लागलं. काम ऑलिव्हरनी चालवलं. किल्ली एका हातातून दुसऱ्या हातात.

आणि इंदूरबाहेरचं बघायचं तर पंडिता रमाबाई. त्यांचं निराधार बायकामुलींसाठीचं मुक्ती मिशन, पुण्याजवळचं केडगाव, हे सगळं आपण ऐकतो, पण म्हातारपणी त्या काय करत बसल्या होत्या ते बघा. 1878 मध्ये कलकत्त्यात ज्यांना पंडिता आणि सरस्वती या पदव्या मिळाल्या, त्या बाई हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत करत होत्या, आणि तेही साध्या मराठीत, कमी शिकलेल्या बाईला कळावं म्हणून. छपाई मुक्तीतल्याच प्रेसवर, बायकामुलींच्या हातून. 1921 च्या जुलैत मुलगी मनोरमा गेली. एकुलती एक. प्रूफं तरी तपासायची होतीच. 5 एप्रिल 1922 ला रमाबाई गेल्या तेव्हा भाषांतर झालेलं होतं. पूर्ण छापून आलं 1924 मध्ये, त्यांनी काही ते हातात धरलं नाही.

हां, तर परत खोलीत. काकू पेले धुताना काहीतरी गुणगुणत असतात, हे मला या व्हिडिओसाठी शूट करतानाच कळलं. टिळकांचंच भजन, आणि चाल ती नाही जी आम्हाला माहितीये. मी घाईघाईत माइक पुढे केला तर गप्प झाल्या. "थांब ना, आधी हे होऊ दे. मोजताना चुकते मी."

सत्तर. एकाहत्तर. बहात्तरावा बद्द वाजला. काकूंनी तो उजेडात फिरवला, परत टिचकी मारली, कागदात गुंडाळून बाजूला ठेवला, आणि रुमालावर पालथ्या घातलेल्या पेल्यांवर दुसरा रुमाल घातला. नळ बंद केला. पदराला हात पुसले.

"हं. लाव आता तुझं ते मशीन."