सेकंड लँग्वेज? आयटी!

(दृश्य: ज्युनिअर कॉलेजचं प्रवेशाचं टेबल. गुणपत्रिकांच्या झेरॉक्स, छत्र्या, रांग.)

“सेकंड लँग्वेज?”

“आयटी.”

टेबलामागच्या बाई मान वर न करता लिहून घेतात. पुढचा मुलगा. “सेकंड लँग्वेज?” “आयटी.” या सवालजवाबात काही गंमत आहे, असं रांगेत कुणालाच वाटत नाही. राज्य मंडळाच्या अकरावीला इंग्रजी सक्तीचं. त्याच्या जोडीला मराठी, हिंदी, संस्कृत अशी एखादी भाषा घ्या, नाहीतर तिच्या बदल्यात माहिती तंत्रज्ञान घ्या.

(दृश्य: रांगेतली मुलगी, हातात फाइल. शेजारी वडील.)

हिला मराठी आवडतं. दहावीची ‘कुमारभारती’ तिनं शाळा सुरू होण्याआधीच वाचून काढली होती. “पण निबंधाला पूर्ण मार्क कुणी देतं का?” ती विचारते. आयटीचा ८० गुणांचा पेपर कॉम्प्युटरवर, त्यात रिकाम्या जागा, चूक की बरोबर, जोड्या लावा. उरलेले २० प्रात्यक्षिकाचे. बहुतेक कॉलेजांत या विषयाला जादा फी पडते. वडील ती भरायला तयार आहेत.

त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. जेईईत भाषेचा प्रश्न नाही, इंजिनिअरिंगच्या सीईटीतही नाही. मात्र एनआयटीसाठी खुल्या गटातल्या मुलाला साधारणपणे बारावीला ७५ टक्के लागतात आणि त्या बेरजेत भाषेचे गुणही येतात. मग ज्यात गुण हमखास, तो विषय. कॉम्प्युटर सायन्सचं बायफोकल (सायन्सच्या जोडीला घ्यायचा व्यावसायिक विषय) घेतलं, तर २०० गुणांच्या त्या एका विषयात दुसरी भाषा आणि बायोलॉजी, दोन्ही एकदमच सुटतात.

मराठी सक्तीचा कायदा २०२० साली झाला, पण तो पहिली ते दहावीपुरता. ३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्रानं मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. पेढे वाटले गेले. प्रवेशाच्या टेबलावर त्यानं काही हललं नाही. भाषेला कॉम्प्युटर हा पर्याय कसा काय होऊ शकतो, हे मला तरी आजवर उमगलेलं नाही. दोन्ही शिकवायला काय हरकत होती?

(दृश्य: स्टाफरूम. भिंतीवरचं वेळापत्रक.)

मुलं घटली की तुकड्या घटतात, तुकड्या घटल्या की तासिका. तासिका पुरेशा भरल्या नाहीत, तर पूर्णवेळ शिक्षकाचं पद अर्धवेळ होतं. मराठीचे सर म्हणूनच जून महिन्यात रोज ऑफिसात डोकावून आकडा विचारतात. यंदा सायन्सच्या तीन तुकड्यांतली मराठीवाली मुलं एकाच वर्गात बसवली आहेत. तरी मागचे चार बाक रिकामे.

(दृश्य: वर्ग. फळ्यावर शीर्षक: मुद्रितशोधन.)

हो, अकरावी-बारावीच्या मराठीच्या पुस्तकात, ‘युवकभारती’त, आता हेही आहे: मुद्रितशोधन, अनुवाद, मुलाखत, माहितीपत्रक. पोटापाण्याची कामं आहेत ही. प्रवेशाच्या रांगेत मात्र ‘युवकभारती’ उघडून दाखवायला कुणी बसलेलं नसतं.

सरांनी सरावाला कॉलेजच्या सूचनाफलकावरचाच कागद आणलाय, अकरावी प्रवेशाची सूचना. मुलं लाल पेन घेऊन तुटून पडलीत. ‘विद्यार्थ्यांनि’. ‘अनीवार्य’. ‘मुळ प्रत’. दर चुकीला हशा.

“सर, अजून एक!” पहिल्या बाकावरून आवाज येतो. “विषयांच्या यादीत. ‘माहीती तंत्रज्ञान’.”