बारा महिन्यांतलं शरीर

(दृश्य: रात्र, पाऊस. होस्टेलचा व्हरांडा.)

साडेअकरा वाजलेत. पत्र्यावर पाऊस असा कोसळतोय की शेजारच्याचं बोलणं ऐकू येऊ नये. फर्स्ट एमबीबीएसची एक मुलगी मांडीवर दंडाचं हाड, ह्युमरस, घेऊन बसलीय. हाडाच्या मागच्या अंगाला तिरकी उथळ खोबण असते. तिच्यावरून ती खडूनं रेघ ओढते, पुसते, पुन्हा ओढते. इथून रेडियल नर्व्ह, पंजा मनगटातून वर उचलणारी नस, जाते. सकाळी व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा, आहे.

फोन वाजतो. "जेवलंस काय गो?"

"जेवलंय गे आये."

जेवलेली नाही.

ॲनाटॉमी म्हणजे शरीराची रचना, फिजिओलॉजी म्हणजे त्याचं काम, बायोकेमिस्ट्री म्हणजे त्यातलं रसायन. 1997 पूर्वी या तीन विषयांना दीड वर्ष मिळायचं, मग एक वर्ष. 2019 मध्ये नवा अभ्यासक्रम आला तेव्हा 14 महिने झाले आणि 2023 च्या नियमांनी पुन्हा 12. हाडं मात्र होती तेवढीच, 206. शिवाय रुग्णाशी बोलायचं कसं याचे तास, लॉगबुकं, गावातली कुटुंबं दत्तक घेणं, म्हणजे त्यांच्या घरी जाऊन तब्येतीवर लक्ष ठेवणं, हे सगळं त्याच बारा महिन्यांत.

अलिबाग, सिंधुदुर्ग, रत्नागिरीची सरकारी मेडिकल कॉलेजं या नव्या अभ्यासक्रमातच सुरू झाली. शिकवणारे बहुतेक जुन्यातले. त्यामुळे सवय दोघांनाही लावून घ्यावी लागतेय.

(दृश्य: डिसेक्शन हॉल.)

फॉर्मलिन, देह टिकवणारं रसायन, डोळ्यांना झोंबतं. देहापुढे पहिल्या दिवशी शपथ घेतलेली असते: हा आमचा पहिला गुरू. काखेतली चरबी चिमट्यानं कणाकणानं सोडवायची, तेव्हा कुठे नसांचं जाळं दिसू लागतं. घाईत एखादी नस तुटली, की त्या टेबलावरच्या सगळ्यांनी ती पुस्तकातच बघायची. वेळापत्रक आवळायचंच होतं तर आणखी कुठेही आवळावं, इथे नको, असं आम्हाला तरी वाटतं.

पण एक गोष्ट नव्या पद्धतीच्या पदरात टाकायलाच हवी. पूर्वी पहिल्या वर्षाचं पोर वॉर्डाकडे फिरकायचंही नाही. आता थोडं थोडं नेतात. आंब्याच्या दिवसांत हापूस काढताना झाडावरून पडलेला एक गडी ओपीडीत आला. दंडाचं हाड मधोमध मोडलेलं. सरांनी सांगितलं, "पंजा वर उचला." पंजा मनगटातून लोंबकळत राहिला. मुलीला खडूची रेघ आठवली. त्या नसेसाठी तिला पुन्हा पुस्तक उघडावं लागलं नाही.

(दृश्य: लाल मातीची पायवाट, चिऱ्याचं घर.)

दत्तक कुटुंबाची भेट. बरोबर लातूरची मैत्रीण, बीपीचं मशीन तिच्याकडे. ओटीवरची आजी म्हणते, "माका घेरी येता."

लातूरकरीण हसून उत्तर देते, "येऊ की आजी, बीपी बघून झालं की घरात येतो."

आजी आमच्या मुलीकडे बघते. मुलगी हसू दाबत मैत्रिणीच्या कानात सांगते, "अगं, चक्कर येतेय त्यांना."

मैत्रीण जीभ चावते. मग आजीचा हात हातात घेते आणि दंडाला पट्टा गुंडाळू लागते.