टेंडरात बाद झालात? आधी कागद मागा

नमस्कार श्रोतेहो. कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर, निपाणी भागातल्या लहान कंत्राटदारांची एक तक्रार नेहमी कानावर येते: ‘दर आमचाच कमी, काम मात्र दुसऱ्याला.’ पण दोन लिफाफ्यांच्या टेंडरात तांत्रिक लिफाफ्यात जो बाद ठरला, त्याच्या दराचा लिफाफा उघडतच नाहीत. म्हणून आधी बघायचं ते बाद का केलं.

बरेच जण अडकतात ते टेंडर-क्षमतेच्या, म्हणजे आणखी किती रकमेचं काम तुम्हाला पेलेल याच्या हिशेबात. सूत्र साधारण असं: वर्षातली सर्वाधिक उलाढाल, गुणिले कामाची मुदत वर्षांत, गुणिले १.५, वजा हातातली कामं. उलाढाल ४ कोटी आणि मुदत सहा महिने, म्हणजे अर्धं वर्ष, तर येतात ३ कोटी. हातात १ कोटी ८० लाखांची कामं असली की उरतात १ कोटी २० लाख. दीड कोटीच्या कामाला तुम्ही अपात्र! मुदत पूर्ण वर्ष धरून हिशेब दिला किंवा चालू काम दाखवलं नाही, तर प्रतिस्पर्धी ते शोधून काढतोच. गुणक मात्र त्या त्या टेंडरातच बघा.

कोल्हापूर, चंदगडकडं केलेल्या कामाचा दाखला मराठीत असेल, तर सोबत कन्नड किंवा इंग्रजी भाषांतर जोडा. अट अन्यायाची वाटली तर हरकत टेंडर भरण्याआधी, लेखी घ्या. भाग घेऊन, हरल्यावर अटीवर बोट ठेवलं तर कोण ऐकणार?

निर्णयाविरुद्ध अपिलाची सोय कर्नाटकाच्या १९९९ च्या सार्वजनिक खरेदी पारदर्शकता कायद्याच्या कलम १६ मध्ये आहे. मुदत आदेश मिळाल्यापासून ३० दिवस. आदेश कन्नडमध्ये आला तर त्याच दिवशी जाणकाराकडून वाचून घ्या, भाषांतराची वाट बघत बसू नका. बाद का केलं त्याचे कागद माहिती अधिकारात मागा, पण त्याच्या उत्तरालाही ३० दिवस लागू शकतात. अर्ज पहिल्याच दिवशी टाका, पण अपील त्यासाठी थांबवू नका. आदेश मिळाल्याची तारीख पाकिटावर किंवा पोर्टलवर असते, ती जपून ठेवा.

पुढची पायरी उच्च न्यायालयाचं धारवाड खंडपीठ. तिथं काम कोणाला द्यायचं हे न्यायालय सहसा ठरवत नाही, निर्णयाची पद्धत तपासतं. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९४ च्या टाटा सेल्युलर निकालापासून हीच दिशा आहे. करार होऊन खडी पडायला लागली की स्थगिती मिळणं अवघड, तेव्हा वकिलाकडं आधीच जा.