आठ पायांच्या चिपशी बोलायचं कसं?

[लॅपटॉपचा मदरबोर्ड, अगदी जवळून]

हा बघा, बॅटरीच्या कनेक्टरशेजारी जो काळा चौकोनी तुकडा दिसतोय ना, जेमतेम ५ मिलिमीटरचा, दोन्ही बाजूंना चार-चार पाय, ही फ्लॅश चिप, म्हणजे वीज गेली तरी डेटा जपून ठेवणारी. विनबॉन्ड कंपनीची २५क्यू६४. लॅपटॉपचा बायोस, म्हणजे बटण दाबल्यावर सगळ्यात आधी चालणारा प्रोग्रॅम, हिच्यातच असतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत रिपेअरवाल्यांकडे जाऊन बघा, कुणी ना कुणी असल्याच चिपला क्लिप लावून बसलेलं असतं, कारण बायोस करप्ट झाला की लॅपटॉपचा फॅन फिरतो, लाइट लागते आणि स्क्रीन मात्र काळी ती काळीच.

आता हिचे पाय मोजा. एकाला ३.३ व्होल्ट, एक ग्राउंड. उरले सहा. त्यातले दोन, राइट प्रोटेक्ट आणि होल्ड, सध्या बाजूला ठेवू. म्हणजे कामाचे चारच, चिप सिलेक्ट, क्लॉक (ठेका देणारी तार), डेटा आत आणि डेटा बाहेर, आणि ह्या चार तारांवरून ८ एमबीमधला कुठलाही बाइट वाचायचा, लिहायचा, पुसायचा. ॲड्रेसच्या वेगळ्या पिना नाहीत. "आता लिही" असं सांगणारी पिनही नाही. सगळं बाइटमध्ये सांगायचं, आणि ठरलेल्या क्रमानेच सांगायचं, क्रम चुकला तर चिप भांडत नाही की एररही देत नाही, सरळ दुर्लक्ष करते. मला विचाराल तर हिच्यासोबत काम करताना सगळ्यात डोकं खाणारी गोष्ट हीच.

[ऑसिलोस्कोपवर दिसणारे तारांवरचे पल्स]

सुरुवात ओळख विचारण्यापासून. चिप सिलेक्ट खाली ओढली की चिप कान देते, आणि त्यानंतर येणारा पहिला बाइट म्हणजे कमांड, बाकी काही नाही. आपण पाठवतोय ९एफ (हे आकडे हेक्समध्ये, म्हणजे १६च्या पायात, ० ते ९ आणि पुढे ए ते एफ), म्हणजे एक शून्य शून्य एक, एक एक एक एक. क्लॉक वर जाताना प्रत्येक वेळी एक बिट आत. आठवा बिट गेला आणि आता दुसऱ्या तारेवर बघा, चिप बोलायला लागली, ईएफ, ४०, १७. ईएफ म्हणजे विनबॉन्ड, ४० म्हणजे चिपचा प्रकार, आणि १७ सगळ्यात मजेशीर, हा हेक्समधला १७, आपल्या हिशोबात २३, आणि २चा २३वा घात केला की येतात ८३,८८,६०८ बाइट. म्हणजे बरोब्बर ८ एमबी. आणि उत्तरात नुसतं एफएफ एफएफ एफएफ किंवा सगळी शून्यं आली तर सॉफ्टवेअरला शिव्या देण्याआधी क्लिप नीट बसवा, बहुतेक वेळा तिथेच गडबड असते.

वाचणं सोपं आहे. ०३ पाठवा, मग तीन बाइटचा ॲड्रेस, आणि मग नुसता क्लॉक देत बसा, चिप एकामागून एक बाइट देत राहते, अख्खी चिप एका दमात वाचून होते.

लिहिताना मात्र खरी गंमत. फ्लॅशमध्ये लिहिणं म्हणजे फक्त १चा ० करणं. उलटं, ०चा १, एकेका बिटला करताच येत नाही, त्यासाठी पुसावं लागतं आणि पुसायचं तर ह्या चिपमध्ये कमीत कमी ४ केबीचा अख्खा सेक्टर. एक बाइट बदलायचाय? बाकीचे ४०९५ आधी वाचून ठेवा, सेक्टर पुसा, सगळे परत लिहा.

आणि पुसायच्या किंवा लिहायच्या आधी दर वेळी एक बाइट पाठवायचा, ०६. राइट इनेबल. ही दाराची कडी समजा, काढल्याशिवाय आत काही जात नाही, आणि एक काम झालं की चिप ती आपली आपण परत लावून टाकते. नवशिके इथे हमखास अडकतात कारण ०६ पाठवल्यावर चिप सिलेक्ट एकदा वर न्यावी लागते, तेव्हा कुठे ती कमांड लागू होते, मग परत खाली आणून २० आणि ॲड्रेस, सेक्टर पुसायला. दोन्ही एकाच दमात पाठवलं तर काहीच होत नाही, आणि का नाही झालं ते कुणी सांगत नाही.

पुसायला वेळ लागतो. एका सेक्टरला साधारण ४५ मिलिसेकंद, वाईटात वाईट ४००. तोवर ०५ पाठवून स्टेटस विचारत राहायचं, शेवटचा बिट १ असेल तर मॅडम बिझी आहेत, थांबा. ० झाला की परत ०६, मग ०२, ॲड्रेस आणि डेटा. डेटा एका वेळी जास्तीत जास्त २५६ बाइट, एका पानापुरता, आणि पान संपलं तर चिप पुढच्या पानावर जात नाही बरं का, त्याच पानाच्या सुरुवातीला येते. समजा पानात १६ बाइटची जागा उरलीय आणि तुम्ही पाठवले ३२, तर उरलेले १६ जाऊन बसतात पानाच्या डोक्यावर, तिथल्या चांगल्या डेटाची वाट लावत.

[जुना मदरबोर्ड, सॉकेटमधली ३२ पायांची चिप]

एवढा सोपस्कार कशासाठी? त्यासाठी थोडं मागे जाऊ. तोशिबाच्या फुजिओ मासुओका यांनी १९८४ मध्ये फ्लॅशची कल्पना जगापुढे मांडली, १९८८ मध्ये इंटेलने बाजारात आणली, आणि त्या सुरुवातीच्या चिपांना लिहायला-पुसायला वेगळे १२ व्होल्ट लागायचे. जम्पर, म्हणजे बोर्डावरच्या दोन पिना जोडणारी छोटी टोपी, काढला, १२ व्होल्ट बंद, विषय संपला. प्रोग्रॅमने काहीही बरळलं तरी चिपला धक्का लागत नव्हता. पुढे मोठं व्होल्टेज चिप स्वतःच आत तयार करायला लागल्या, ५ व्होल्टवर सगळं व्हायला लागलं, सोय झाली, पण ते संरक्षणही गेलं. आता पॉवर चालू-बंद होताना प्रोसेसर भरकटला आणि त्याने कुठेतरी काहीतरी लिहिलं तर?

म्हणून आली ती अनलॉक सिक्वेन्स. ३९एसएफ०२० सारख्या, ॲड्रेसच्या वेगळ्या पिना असलेल्या जुन्या चिपमध्ये आधी ५५५५ ह्या ॲड्रेसवर एए लिहायचं, मग २एएए वर ५५, मग परत ५५५५ वर ए०, आणि त्यानंतरच तुमचा खरा बाइट. पुसायला तर सहा वेळा लिहावं लागतं. एए आणि ५५ बिटमध्ये लिहून बघा, १०१०१०१० आणि ०१०१०१०१, ॲड्रेसचंही तसंच, एकाआड एक. भरकटलेल्या प्रोसेसरकडून हे सगळं योगायोगाने, बरोबर ह्याच क्रमाने येणं जवळपास अशक्य.

पण ही सिक्वेन्स काही पासवर्ड नाही, डेटाशीटमध्ये, म्हणजे कंपनीच्या माहितीपत्रकात, उघड छापलेली असते, कुणीही वाचावी. १९९८ मध्ये तैवानच्या चेन इंग-हाव नावाच्या विद्यार्थ्याने सीआयएच व्हायरस लिहिला. २६ एप्रिल १९९९ला तो जगभर फुटला, हार्ड डिस्कचा सुरुवातीचा भाग शून्यांनी भरला आणि वर बायोसच्या चिपवरही हात टाकला, मुख्यतः इंटेलच्या ४३०टीएक्स चिपसेटच्या (प्रोसेसरला बाकीच्या भागांशी जोडणाऱ्या चिपांच्या) बोर्डांवर. त्यासाठी कुठलं कुलूप फोडावं लागलं नाही, फ्लॅशवर लिहिण्याचा रस्ता आधी चिपसेटमध्ये उघडायचा आणि मग चिपला हवं ते म्हणायचं, बास. असे पीसी मग चालूच होईनात, चिप सॉकेटमध्ये असेल तर काढून दुसरीकडे प्रोग्रॅम करायची, सोल्डर केलेली असेल तर भोगा.

आता परत आपल्या आठ पायांच्या चिपकडे. हिच्यात ब्लॉक प्रोटेक्टचे बिट आहेत, ते लावले की तेवढा भाग लिहिता-पुसता येत नाही. छान. पण हे बिट बदलायचे कसे? ०६ पाठवा, मग ०१ आणि नवी किंमत. म्हणजे पुन्हा कमांडच. ते बिट गोठवायचे तर मघाशी बाजूला ठेवलेला तो राइट प्रोटेक्टचा पाय कामाला येतो, योग्य सेटिंग करून तो ग्राउंडला बांधला की ०१ सुद्धा चालत नाही. इथे मात्र खरीखुरी तार लागते, नुसतं बोलून भागत नाही. फक्त एक भानगड आहे, चिप जास्त वेगाने वाचायला क्वाड मोड चालू केला की चार तारांवरून डेटा जायला लागतो, आणि त्यातली एक तार म्हणजे हाच पाय, त्यामुळे त्याचं राखणीचं काम बंद.