ब्राउवर आणि न उघडलेलं पत्र

श्रोतेहो, नमस्कार. आज बोलायचं आहे ते एका डच गणितज्ञाबद्दल. ल्यूत्सेन ब्राउवर. जन्म 1881 सालचा, मृत्यू 1966 सालचा. नाव लक्षात ठेवा, ब्राउवर.

सकाळचा चहा आपण चमच्यानं ढवळतो. चहा पुन्हा स्थिर झाला की निदान एक कण असा निघतोच, की जो ढवळण्याआधी जिथं होता नेमका तिथंच परत आलेला असतो. कसाही ढवळा. अट एवढीच, की शेजारचे कण एकदम फाटून वेगळे व्हायला नकोत. हा ब्राउवरचा स्थिरबिंदू सिद्धांत, 1910 च्या आसपासचा. एक आकार न फाडता, सावकाश ओढत-ताणत दुसऱ्या रूपात नेता येतो का, या प्रश्नातून पुढं जी शाखा उभी राहिली तिला होमोटॉपी म्हणतात. तिच्या पायाचे काही दगड ब्राउवरनं वयाच्या तिशीतच बसवले.

आता गंमत बघा. तो कण आहे, हे सिद्ध झालं. कुठं आहे? ते सिद्धता सांगत नाही. ती म्हणते, असा कण नाही असं धरा, मग विसंगती येते, म्हणून तो आहे. ब्राउवरला हे खुपायला लागलं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: आधी दाखवा, मग आहे म्हणा. पुन्हा सांगतो. आधी दाखवा, मग आहे म्हणा.

त्याचं आवडतं उदाहरण पाय या संख्येचं होतं, म्हणजे वर्तुळाच्या परिघाला व्यासानं भागलं की येते ती. पायच्या दशांश आकड्यांत 0123456789 अशी ओळ सलग कुठं येते का? तुम्ही म्हणाल, येते किंवा येत नाही, तिसरं काय असणार? ब्राउवर म्हणे, आकडे अनंत आहेत, तपासून संपणार नाहीत. मग यापैकी एक खरं आहेच, असं कुठल्या आधारावर म्हणता? ती ओळ 1997 साली संगणकानं शोधली, सुमारे 1738 कोटी 76 लाखाव्या जागी. तोवर ब्राउवरला जाऊन तीस वर्षं झाली होती. पण म्हणून त्याचा प्रश्न संपत नाही, दुसरी लांबलचक ओळ घ्या आणि पुन्हा विचारा.

या विचारानं जर्मनीतले डेव्हिड हिल्बर्ट फार दुखावले. हिल्बर्ट म्हणजे त्या काळातलं गणितातलं सगळ्यात मोठं नाव. ते म्हणत, ‘आहे किंवा नाही, तिसरं काही नाही’ हे तत्त्व गणितज्ञाकडून काढून घेणं म्हणजे खगोलशास्त्रज्ञाची दुर्बीण काढून घेणं. आणि इथून सुरू होते ती हकिगत, जी मला आज तुम्हाला सांगायचीच आहे.

मातेमातिशे अन्नालेन हे गणिताचं अतिशय मानाचं जर्मन नियतकालिक. हिल्बर्ट त्याच्या मुख्य संपादकांपैकी एक, आणि ब्राउवर 1914 पासून त्याच्या संपादक मंडळात होता. 1928 च्या सप्टेंबरात इटलीतल्या बोलोन्याला गणितज्ञांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. महायुद्धानंतर जर्मनांना अशा परिषदांतून वगळलं जात होतं. आता बोलावलं तर जावं की नाही? हिल्बर्ट जर्मनांचा मोठा ताफा घेऊन गेले. ब्राउवरनं जाऊ नका म्हणून मोहीम चालवली, आणि तो तर जर्मनही नव्हता! हिल्बर्ट तेव्हा सहासष्ट वर्षांचे, रक्तक्षयाच्या गंभीर आजारानं खंगलेले. आपल्यामागं नियतकालिक ब्राउवरच्या हाती जाईल ही धास्ती त्यांच्या मनानं घेतली.

ऑक्टोबर संपता संपता ब्राउवरच्या घरी, लारेन गावात, तार आली. काराथेओडोरी भेटायला येत आहेत, त्यांच्याशी बोलल्याशिवाय काहीही करू नका. पाठोपाठ हिल्बर्टच्या गावाहून, ग्यॉटिंगेनहून, दोन रजिस्टर पत्रं. आणि ब्राउवरनं ती उघडली नाहीत! एवढा तापट माणूस, पण पाकिटं तशीच ठेवून वाट बघत बसला. 30 ऑक्टोबरला काराथेओडोरी आले. हे मूळचे ग्रीक, स्वतः मुख्य संपादकांपैकी एक, आणि ब्राउवरचे स्नेही. कसल्या कामावर पाठवलं होतं त्यांना! हिल्बर्टनी ब्राउवरला मंडळातून काढलं होतं, आपले विचार जुळत नाहीत एवढंच कारण देऊन. चौदा वर्षांच्या कामाचा निरोप पाकिटातून.

मला विचाराल तर माणसाला दूर करायचंच असेल, तर समोर बसवून सांगावं. वाचनालयाची कार्यकारिणी असो की सोसायटीची, आपल्याकडेही हेच चालतं: नोटीस आधी पोचते, माणूस नंतर. ते सोडा.

ब्राउवर गप्प बसणाऱ्यांतला नव्हता. त्यानं इतर संपादकांना, प्रकाशकांना पत्रं लिहिली. आइन्स्टाइनही तेव्हा मुख्य संपादक होते. त्यांनी हिल्बर्टना साथ दिली नाही, ब्राउवरचीही बाजू घेतली नाही. या सगळ्या भांडणाला त्यांनी बेडूक आणि उंदरांचं युद्ध म्हटलं. मला ते पटत नाही, आइन्स्टाइन असले तरी. एका माणसाचं आयुष्यभराचं काम पणाला लागलं होतं. शेवटी सगळं मंडळच बरखास्त झालं आणि नवं लहान मंडळ आलं. त्यात हिल्बर्ट होते. ब्राउवर नव्हता, आइन्स्टाइन नव्हते, काराथेओडोरीही नव्हते.

ब्राउवरनं पुढं स्वतःचं नियतकालिक काढलं, कॉम्पोझिशियो मातेमातिका, ते आजही निघतं. पण स्वतःचं संशोधन मात्र त्यानं कितीतरी वर्षं जवळजवळ छापलंच नाही. हे नुकसान कुणाचं झालं, तुम्हीच ठरवा.

त्याची मागणी मात्र मेली नाही. 1967 साली अमेरिकेत एरेट बिशपनं कलनशास्त्राचा मोठा भाग या अटीवर नव्यानं उभा करून दाखवला, की जे आहे म्हणाल ते काढायची रीतही द्या. आज सिद्धता तपासणारे काही संगणकी प्रोग्रॅम याच अटीच्या तर्कावर उभे आहेत, कारण रीत असेल तरच यंत्राला ती पार पाडता येते.

आणि चहातला तो कण? ब्राउवरनं 1952 साली स्वतःच्याच सिद्धांताकडे पुन्हा पाहिलं. दाखवता येईल तेवढंच त्यानं ठेवलं: म्हणाल तितका कमी हललेला कण मी काढून देतो, अजिबात न हललेला देईन असं मात्र मी म्हणत नाही. तेव्हा तो सत्तरी ओलांडलेला होता.